पहिले एअर पिस्तूल निवडताना : इंदूरच्या नवोदित नेमबाजांसाठी

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकर यांनी दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात वैयक्तिक कांस्यपदक मिळवले आणि सरबज्योत सिंग यांच्या जोडीने मिश्र सांघिक प्रकारातही कांस्यपदक पटकावले, तेव्हापासून इंदूरच्या रेंजवर चौकशीला येणाऱ्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची वर्दळ वाढलेली मी पाहतो आहे. त्यांतले मराठी पालक, मग ते रामबागेतले असोत की सुदामानगरातले, पहिल्या पाच मिनिटांतच विचारतात, ‘‘सर, पिस्तूल कोणते घ्यायचे तेवढे सांगा.’’ प्रश्न रास्त आहे, कारण स्पर्धेच्या दर्जाचे नवे एअर पिस्तूल लाखाच्या वर जाते आणि नोकरदार घराला एवढी रक्कम दोनदा उभी करता येत नाही. परंतु माझ्या पाहण्यात जी खरेदी फसली, ती कंपनी चुकीची निवडल्यामुळे क्वचितच फसली. पिस्तुलाची मूठ हाताला बसत नव्हती, किंवा ट्रिगर कसा असावा हे घेणाऱ्याला अजून कळलेले नव्हते, म्हणून ती फसली. त्यामुळे या लेखात कंपन्यांची तुलना थोडी आणि हात, मूठ व ट्रिगर यांची चर्चा जास्त आढळेल.

खरेदीच्या आधीचे तीन महिने

पहिले तीन महिने पिस्तूल विकत घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. बहुतेक रेंजवर नव्या मुलांसाठी दोन-तीन पिस्तुले ठेवलेली असतात. ती जुनी असतात, त्यांच्या मुठी अनेक हातांनी गुळगुळीत झालेल्या असतात, आणि तरीही उभे राहणे, हात उचलणे, श्वास आणि ट्रिगर यांचा मेळ घालणे या मूलभूत गोष्टी त्यांच्यावर उत्तम शिकता येतात. या काळात दोन निर्णय आपोआप होतात. मुलाला हा खेळ खरोखर आवडतो का, हा पहिला. कारण दहा मीटरची नेमबाजी हा एकाच जागी उभे राहून एकच क्रिया शेकडो वेळा तितक्याच मनापासून करण्याचा खेळ आहे आणि तो सर्वांच्या स्वभावाला मानवत नाही. दुसरा निर्णय पिस्तूल की रायफल, हा. आपल्या माळव्याला लागून असलेल्या खरगोन जिल्ह्यातील ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हे रायफलचे नेमबाज आहेत, तर महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडलेले विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक जिंकले. दोन्ही वाटा आपल्या परिसरात चांगल्या मळलेल्या आहेत. मात्र रायफलसाठी जाकीट, विजार, बूट असा मोठा सरंजाम लागतो आणि पिस्तुलासाठी तो लागत नाही, एवढ्याच कारणाने पिस्तूल निवडणे योग्य नाही.

याच काळात प्रमुख डोळा कोणता, हे पाहून घ्यावे. दोन्ही हात समोर ताणून अंगठे आणि तर्जनी यांच्यामध्ये एक छोटे त्रिकोणी भोक करावे, त्यातून दोन्ही डोळ्यांनी भिंतीवरचे घड्याळ पाहावे आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने घड्याळ भोकातच दिसत राहते, तो प्रमुख डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रमुख निघाला तर घाबरण्याचे कारण नाही, पण खरेदीपूर्वी प्रशिक्षकाशी बोलणे आवश्यक आहे. कारण उजव्या आणि डाव्या हाताच्या मुठी वेगळ्या येतात, आणि हात बदलायचा असेल तर तो पैसे देण्याआधी बदललेला बरा.

कायदा काय म्हणतो

शस्त्र नियम २०१६ नुसार ज्या हवाई शस्त्राची मुखऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त आहे किंवा ज्याच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, त्याला परवाना लागतो. स्पर्धेचे एअर पिस्तूल या दोन्ही मर्यादांच्या आत असते. अर्ध्या ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे दीडशे मीटर वेगाने बाहेर पडते असे धरले, तर तिची ऊर्जा साडेपाच-सहा ज्यूल एवढीच भरते. तरीही विक्रेता ओळखपत्राची प्रत घेतो आणि ती द्यावीच. बिलावर पिस्तुलाचा अनुक्रमांक स्पष्ट छापलेला असल्याची खात्री करून घ्यावी आणि त्या बिलाची प्रत पिस्तुलाच्या पेटीत कायम ठेवावी. रेल्वेने भोपाळला किंवा दिल्लीला स्पर्धेसाठी जाताना पेटी उघडून दाखवण्याची वेळ आली, तर हाच कागद उपयोगी पडतो.

काही दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात खऱ्या रिव्हॉल्वरसारखी दिसणारी, छोट्या गॅस कुपीवर चालणारी आणि पोलादी गोळ्या मारणारी पिस्तुले मिळतात. किंमत कमी असल्यामुळे ‘सुरुवातीला हे चालेल’ असे पालकांना वाटते. ते चालत नाही. त्यांची नळी बहुधा आतून गुळगुळीत असते, त्यामुळे गोळीला फिरकी मिळत नाही आणि नेमकेपणा येत नाही. पोलादी गोळी कठीण पृष्ठभागावरून उसळून परत येते आणि डोळ्याला गंभीर इजा करू शकते. शिवाय हुबेहूब रिव्हॉल्वरसारखी वस्तू घेऊन मुलगा रस्त्यावर दिसला, तर लोकांनी आणि पोलिसांनी तिला खरे शस्त्र समजणे अगदी स्वाभाविक आहे.

चार प्रकार, आणि त्यांतला योग्य कोणता

हवा दाबण्याच्या पद्धतीवरून एअर पिस्तुलाचे चार प्रकार पडतात. पहिला स्प्रिंगचा. त्यात चाप ओढल्यावर जड दट्ट्या पुढे धावतो आणि गोळी नळीत असतानाच पिस्तूल हलते. हे हलणे आतल्या आत जिरवणारी काही उत्तम पिस्तुले जर्मनीत बनली आणि १९६० नंतरच्या दशकांत त्यांनी पदकेही जिंकली, पण आज ती नव्याने घेण्यासारखी राहिलेली नाहीत. दुसरा प्रकार एका दाबाचा : प्रत्येक गोळीसाठी बाजूचा किंवा खालचा लांब दांडा उघडून बंद करायचा, की तेवढ्यापुरती हवा आत दाबली जाते. रशियातील इझेव्हस्क येथे बनलेले इझ-४६ हे या प्रकारातले भरवशाचे पिस्तूल आपल्याकडच्या अनेक रेंजवर वर्षानुवर्षे राबले आहे. सिलिंडर नाही, पंप नाही, गळती फारशी नाही, नेमकेपणा उत्तम. उणीव एवढीच की ते जड आहे आणि साठ गोळ्यांसाठी साठ वेळा दांडा दाबताना लहान मुलाचा हात थकतो. प्रौढ वयात छंद म्हणून शिकू इच्छिणाऱ्याला असे सुस्थितीतले पिस्तूल मिळाले, तर मी ते आनंदाने घ्यायला सांगेन.

तिसरा प्रकार कार्बन डायऑक्साइडचा. या वायूचा दाब तापमानाबरोबर झपाट्याने बदलतो : २० अंश सेल्सिअसला तो साधारण ५७ बार असतो, आणि ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि डिसेंबरच्या सकाळी तो दहाच्या खाली उतरतो. अशा हवेत सकाळी जुळवलेली माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या पुढच्या टोकावर असलेली खूण, दुपारी जुळत नाही. म्हणून जुने कार्बन डायऑक्साइडचे पिस्तूल कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नये.

चौथा प्रकार आज सर्व मोठ्या स्पर्धांत दिसतो. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरलेली असते आणि आतला रेग्युलेटर प्रत्येक वेळी ठरावीक दाबाचीच हवा पुढे सोडतो, त्यामुळे पहिली आणि शंभरावी गोळी सारख्याच वेगाने जाते. स्टायर, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, मोरिनी, पार्दिनी या युरोपीय कंपन्यांची पिस्तुले याच प्रकारातली आहेत. या पाचांतले कोणतेही धड स्थितीतले पिस्तूल नवोदिताच्या कौशल्यापेक्षा कितीतरी अधिक नेमके असते. ‘अमुक खेळाडू अमुक पिस्तूल वापरतो’ हे कारण पुरेसे नाही. आपल्या रेंजवर ज्या कंपनीची पिस्तुले जास्त आहेत आणि जिचे वॉशर, सील व दुरुस्ती जवळपास मिळते, तिला मी झुकते माप देतो. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकर यांचे पिस्तूल बिघडले, दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. जगातल्या उत्तम पिस्तुलाच्या बाबतीत हे घडू शकते, तर सुटे भाग आणि जाणकार कारागीर हाताशी असणे किती महत्त्वाचे, ते सांगायला नको.

मूठ : सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

एक हिशेब समजून घेतला की मुठीचे महत्त्व पटते. पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात समजा ३२० मिलिमीटर अंतर आहे. खाचेच्या मध्यापासून माशी केवळ एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला जाते. टार्गेटचा काळा गोल ५९.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे मध्यावर नेम धरूनही गोळी काळ्याच्या काठाशी पोहोचली. याउलट माशी आणि खाच अचूक जुळलेली असताना संपूर्ण हात एक सेंटिमीटर डोलला, तर गोळीही फक्त एक सेंटिमीटरच सरकते. नवोदिताला हात डोलण्याची भीती वाटते, पण खरे नुकसान मनगटाच्या सूक्ष्म वळण्याने होते. आणि मनगट प्रत्येक वेळी त्याच कोनात यावे, यासाठी मूठ हाताला नेमकी बसणे हाच उपाय आहे.

मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, पण कंपन्यांची मापे एकसारखी नसतात. त्यामुळे कागदावरचे माप पाहून मागवू नये. शक्य असेल तर तेच पिस्तूल रेंजवरच्या दुसऱ्या कोणाकडून हातात घेऊन पाहावे. पाहताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या वळणात अगदी वरपर्यंत भिडली पाहिजे, कारण हात नळीच्या जितका जवळ, तितका गोळी सुटतानाचा झटका सरळ मागे येतो. मधले बोट ट्रिगरच्या कडीखाली टेकले पाहिजे आणि पकडीचा मुख्य जोर त्याच बोटाने सरळ मागे दिला पाहिजे. अनामिका आणि करंगळी सोबतीला असतात, त्यांनी आवळायचे नाही. तर्जनीची बाजू लाकडाला कोठेही घासता कामा नये. ती घासली की ट्रिगर ओढताना मूठही हलते. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर काटकोनात टेकावा. तळहाताखालचा सरकता टेकू हाताच्या कडेला हलका स्पर्श करेल इतकाच वर घ्यावा. पुष्कळ मुले तो शिकंज्यासारखा घट्ट करतात आणि वीस मिनिटांत हाताला मुंग्या येऊ लागतात. नियमही लक्षात ठेवावा : मूठ किंवा टेकू हाताला वेढा घालणारा नसावा, टेकूचा कोन काटकोनापेक्षा कमी नसावा आणि मनगट पूर्ण मोकळे असावे. दुसऱ्याने आपल्या सोयीने घडवून घेतलेली मूठ तपासणीत नाकारली जाऊ शकते.

यानंतर डोळे मिटून करायची परीक्षा. नेहमीच्या पवित्र्यात उभे राहून पिस्तूल धरावे, डोळे मिटावे, हात सवयीच्या उंचीवर उचलून स्थिर करावा आणि मग डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवून आणि वरची कड समपातळीत दिसली, तर ती मूठ आपल्यासाठी आहे. हे किमान दहा वेळा करावे आणि प्रत्येक वेळी काय दिसले ते वहीत लिहावे. दहापैकी सात-आठ वेळा माशी एकाच बाजूला दिसत असेल, तर दोष हाताचा नसून मुठीचा आहे आणि तो दुरुस्त करता येतो. माशी दर वेळी वेगळ्या बाजूला दिसत असेल, तर आपली पकडच अजून पक्की झालेली नाही. मग खरेदी आणखी महिनाभर पुढे ढकलावी.

किंचित सैल मूठ लाकडाची पुट्टी लावून भरता येते आणि घट्ट मूठ बारीक पॉलिश पेपरने घासता येते. मुठी बहुधा अक्रोडाच्या लाकडाच्या असतात. घासायचे ते एका वेळी थोडेसे, मग दोन दिवस सराव, मग पुन्हा थोडेसे. काढलेले लाकूड परत येत नाही, म्हणून मूठ किंचित मोठी घेऊन कमी करण्यापेक्षा योग्य मापाची घेऊन पुट्टीने भरण्याचा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो. मी स्वतः पहिले पिस्तूल घेताना ‘हात वाढेल’ या सल्ल्यावर विसंबून मोठ्या मापाची मूठ घेतली होती. दीड वर्ष माझ्या गोळ्या डावीकडे खाली जात राहिल्या आणि तेवढा काळ मी ट्रिगरला दोष देत राहिलो. वाढत्या वयाच्या मुलासाठी आजच्या मापाची मूठ घ्यावी; दोन वर्षांनी फक्त मूठ बदलता येते, संपूर्ण पिस्तूल बदलावे लागत नाही.

ट्रिगर

आंतरराष्ट्रीय नियमानुसार एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो. नळी सरळ वर धरून ट्रिगरला तेवढ्या वजनाचे माप अडकवतात आणि ट्रिगर न सुटता ते उचलले गेले पाहिजे. नवोदिताने तो ५०० वर अगदी काठावर लावू नये. थोडा जास्त ठेवल्यास स्पर्धेच्या दिवशी तपासणीची धाकधूक राहत नाही आणि बोटालाही स्पष्ट जाणीव मिळते.

चांगला ट्रिगर दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात बोट हलका दाब देत मागे जाते आणि एका ठिकाणी भिंतीला टेकल्यासारखे थांबते. त्या भिंतीवर आणखी थोडा दाब वाढला की गोळी सुटते. ही भिंत स्पष्ट जाणवणे, ही पिस्तूल पाहतानाची मुख्य खूण. भिंत जाणवतच नसेल, किंवा भिंतीनंतर ट्रिगर खरखरत थोडा सरकून मग सुटत असेल, तर तो जाणकाराकडून जुळवून घेतल्याशिवाय पिस्तुलाबद्दल मत बनवू नये. ट्रिगरची पट्टी पुढेमागे सरकवता येते की नाही, हेही पाहावे. लहान बोटांच्या मुलामुलींसाठी ही सोय फार महत्त्वाची आहे.

ट्रिगर यांत्रिक असावा की इलेक्ट्रॉनिक, यावर वाद चालतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय स्वच्छ सुटतो, पण बॅटरीवर आणि नाजूक जोडणीवर अवलंबून असतो. पहिल्या पिस्तुलासाठी मी यांत्रिकच सुचवतो, कारण तो उघडून, पाहून, समजून घेता येतो. गोळी न भरता ट्रिगरचा सराव करण्याची कळ मात्र पिस्तुलात असायलाच हवी. घरी होणारा निम्म्याहून अधिक सराव याच कळीवर होतो.

वजन आणि तोल

नियमाने पिस्तूल दीड किलोपर्यंत चालते, पण सामान्यतः ते एक किलोच्या आसपास असते आणि ते एकाच हाताने, हात कोठेही न टेकवता धरायचे असते. स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटांत ६० गोळ्या असतात. जमले नाही म्हणून हात खाली घेऊन पुन्हा उचलणे धरले, तर शंभराहून अधिक उचलण्या सहज होतात. दुकानात एकदा उचलून ‘हलके आहे’ असे ठरवू नये. पंधरा सेकंद धरणे, अर्धा मिनिट विसावा, असे दहा वेळा करून पाहावे. दहाव्या वेळी माशी खाचेत थांबत नसेल, तर ते पिस्तूल आज त्या मुलाला जड आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मोठ्या कंपन्या आखूड नळीची हलकी पिस्तुले बनवतात आणि मला ती मनापासून पसंत आहेत; वाढत्या खांद्यावर जड पिस्तुलाचा भार टाकून मिळवलेले गुण महाग पडतात. नळीच्या पुढच्या बाजूला थोडे वजन असलेले पिस्तूल अधिक स्थिर वाटते, पण ही पुढची जोडवजने नंतर घेता येतात.

रंग, पेटी, नक्षी यांचा विचार करण्याची गरज नाही.

वापरलेले पिस्तूल घेताना

इंदुरातल्या अनेक नेमबाजांचे पहिले पिस्तूल वापरलेले असते आणि त्यात वावगे काही नाही. पण एक गोष्ट पैशांची बोलणी सुरू होण्यापूर्वी पाहावी : सिलिंडरवर कोरलेली तारीख. युरोपीय कंपन्या आपल्या सिलिंडरला सामान्यतः दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बार दाबाची वस्तू चेहऱ्याजवळ धरायची असल्यामुळे सुरक्षेच्या दृष्टीनेही तो चालवू नये. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने दुसऱ्या शहरातून घाईने पिस्तूल आणले, किंमत खरोखर चांगली होती, आणि घरी आल्यावर दोन्ही सिलिंडरांची मुदत संपलेली निघाली. नव्या दोन सिलिंडरांचा खर्च आणि ते येईपर्यंत गेलेले महिने धरता ती बचत उरली नाही.

दुसरे म्हणजे गळती. सिलिंडर भरून दाबमापकाचा आकडा लिहून ठेवावा, पिस्तूल एक रात्र तसेच ठेवावे आणि सकाळी पुन्हा पाहावे. काटा स्पष्ट खाली आला असेल तर सील बदलावे लागतील. नंतर पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून कागदी टार्गेटवर पाच-पाच गोळ्यांचे काही गट मारून पाहावेत. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे आणि निरोगी पिस्तुलाच्या पाचही गोळ्या त्याच्या आत एकमेकींना चिकटून बसतात. विकणाऱ्याने शिकंज्यावर चाचणी घेऊ दिली नाही, तर त्या व्यवहारातून बाहेर पडावे. आधीच्या मालकाच्या हातासाठी कोरलेली मूठ आपल्याला बसेल असे गृहीत धरू नये. नव्या मुठीची किंमत व्यवहारात आधीच धरावी.

हवा आणि गोळ्या

हवा भरण्याची सोय हा खरेदीचाच भाग आहे. रेंजवर खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या टाकीसारखी मोठी टाकी असेल तर उत्तम. नसेल तर तीन टप्प्यांचा हातपंप घ्यावा लागतो. पावसाळ्यात हवेतील ओलावा पंपात पाण्याच्या रूपाने साठतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर थोडी हवा भरून पंप थंड होऊ द्यावा, पाणी सोडून द्यावे आणि पुन्हा भरावे. ऑक्सिजनच्या टाकीवरून पिस्तूल कधीही, कोणत्याही परिस्थितीत भरू नये. सीलला लागलेल्या तेला-ग्रीसशी दाबाखालच्या ऑक्सिजनचा संबंध आला की स्फोट होऊ शकतो. भरलेले सिलिंडर उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये. २० अंशांना २०० बार असलेला दाब ६० अंशांना सव्वादोनशेच्या पुढे जातो. विमानाने जाताना सिलिंडर पूर्ण रिकामा करावा लागतो आणि पिस्तूल विमान कंपनीला आधी कळवावे लागते.

गोळ्या सपाट तोंडाच्या, ४.५ मिलिमीटरच्या आणि साधारण अर्ध्या ग्रॅमच्या घ्याव्यात. सपाट तोंडाची गोळी कागदात स्वच्छ गोल भोक पाडते आणि गुण मोजणे सोपे जाते. एकाच कंपनीच्या गोळ्या ४.४९, ४.५० अशा शंभराव्या भागाच्या फरकाने मिळतात आणि प्रत्येक नळीला त्यांतली एक अधिक मानवते. नवोदिताने दोन-तीन डब्या शिकंज्यावर तपासून एक ठरवावी आणि पुढे वर्षभर तीच वापरावी. त्यापेक्षा अधिक शोध घेण्याची गरज नाही. गोळ्या शिशाच्या असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय पोह्यांच्या बशीला हात लावायचा नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी, आणि गोळी तोंडात धरण्याची सवय कोणत्याही मुलाला लागू देऊ नये.

घरी आणल्यानंतर

‘हवेचे तर आहे’ हे वाक्य आपल्या घरात कोणालाही उच्चारू देऊ नये. पाच ज्यूलची गोळी डोळा कायमचा निकामी करू शकते. नळी नेहमी टार्गेटच्या दिशेला, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि पिस्तूल खाली ठेवताना दांडा उघडा व नळीत सुरक्षेची रंगीत दोरी, हे तीन नियम घरातल्या सरावालाही तसेच लागू आहेत. पिस्तूल कुलपात, गोळ्या वेगळ्या कपाटात, किल्ली मोठ्या माणसाकडे. गच्चीवर सराव करू नये. आपल्या वस्त्यांत गच्च्या एकमेकींना लागून आहेत आणि शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी आजी कधी उभी राहील, ते सांगता येत नाही. घरात सलग दहा मीटर मोकळी जागा, मागे पक्की भिंत आणि गोळी अडवणारी पोलादी पेटी असेल, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असेल आणि मधे कोणतेही दार उघडत नसेल, तरच गोळी भरून सराव करावा. एवढी जागा नसणे हे मुळीच अडचणीचे नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, गोळी न भरता, केवळ माशी आणि खाच पाहत रोज वीस मिनिटे ट्रिगरचा सराव करणाऱ्या मुलाची प्रगती मी रेंजवर रोज शंभर गोळ्या उडवणाऱ्या मुलापेक्षा जास्त झालेली पाहिली आहे.

नवे पिस्तूल हातात आले की पहिले पंधरा दिवस मूठ, टेकू आणि ट्रिगर यांची मोजमापे वहीत लिहून ठेवावीत आणि त्यांना हात लावू नये. गुण आधी घसरतील, कारण रेंजवरच्या पिस्तुलाची हाताला सवय झालेली असते. पंधरा दिवसांनंतर डोळे मिटून करायची तीच परीक्षा पुन्हा दहा वेळा करावी, दुकानात लिहिलेल्या नोंदी शेजारी ठेवाव्यात, आणि मगच प्रशिक्षकासमोर मुठीला पहिला पॉलिश पेपर लावावा.